नीट ऐकता कसं? जे करता तेच लिहा

हेल्पलाइनवर ऐकणारी
बोलणारा थांबला की मनात चार अंक मोजायचे. रोजच्या बोलण्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंदच लागतात. २००९ साली दहा भाषांच्या तुलनेत हे दिसलं. म्हणजे वाक्य संपायच्या आधीच आपण उत्तर जुळवायला घेतो आणि शेवटचे शब्द निसटतात. खरी गोष्ट बहुधा तिथेच असते.
‘का नाही सांगितलंस?’मध्ये जाब येतो. ‘मग काय झालं?’ चालतं. तो ‘कोंडल्यासारखं’ म्हणाला तर आपण ‘कोंडल्यासारखं?’ एवढंच म्हणायचं. दर वाक्याला केलंत तर पोपट व्हाल. जीव द्यायचा विचार येतोय का, हे मात्र सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

ऐकू कमी येणाऱ्यांसोबत काम करणारा
चार अंक ठीक, पण शब्द पोचले तर! वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ गळतात, स्वर उरतात. ओरडलं की स्वरच मोठे होतात, ओठांचा आकारही बिघडतो. मीटरभर अंतरावर समोरासमोर बसा, खिडकी आपल्या पाठीमागे नको, उजेड आपल्या तोंडावर हवा. पंखा, टीव्ही बंद. दोनदा सांगूनही कळलं नाही तर शब्द बदला. ‘जाऊ दे, काही नाही’ म्हणून विषय सोडण्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

गटाच्या बैठका घेणारी
आठ जण, चाळीस मिनिटं: प्रत्येकी चार, उरलेली आठ मिनिटं गप्प बसण्यात आणि रडण्यात जातात, ती आधीच धरायची. चार मिनिटांचं वाळूचं घड्याळ मधोमध ठेवायचं. मोबाइलवर वेळ लावली की त्यातले मेसेजही दिसतात. बोलणाऱ्याने मागितल्याशिवाय सल्ला नाही. नियम मोडतो तो दर वेळी सगळ्यात प्रेमळ माणूसच. शेवटच्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं, म्हणून पुढची बैठक त्याच्यापासून सुरू करायची.

घरभेटी करणारा
वहीत नाव, तारीख, औषधाचं नाव एवढंच. बाकी बाहेर पडल्यावर दहा मिनिटांत उतरवायचं, उशीर केला तर आपलेच शब्द त्यांच्या तोंडी घातले जातात. चोरून घड्याळ बघण्यापेक्षा आल्या आल्या सांगा: ‘पावणेपाचला उठायचंय मला, तोवर इथेच आहे.’