पेंटामीटर म्हणजे पाच, पण पाच काय?

पेंटा म्हणजे पाच हे पेंटागॉनमुळे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे पेंटामीटर हे इंग्रजी कवितेतलं वृत्त म्हणजे पाच अक्षरांची ओळ असं धरून चाललं की लगेच गाडी अडते, कारण आयांबिक पेंटामीटरच्या ओळीत साधारण दहा अक्षरं असतात. पाच असतात ते फूट, म्हणजे ओळीत पुन्हा पुन्हा येणारे अक्षरांचे छोटे गट. आणि या फूटला मराठीत चरण म्हणू नका प्लीज, आपल्याकडे चरण म्हणजे अख्खी ओळ, सगळा घोळ तिथेच होतो. त्यातल्या त्यात जवळचा शब्द गण. भुजंगप्रयातात एका चरणात चार य गण येतात ना, तसे इथे आयांब नावाचे पाच फूट. फक्त आपला गण कायम तीन अक्षरी आणि आयांब दोन अक्षरी.

खरा फरक वेगळाच आहे. आपलं लघु-गुरू उच्चाराला किती वेळ लागतो त्यावर ठरतं, इंग्रजीत जोर कुठल्या अक्षरावर पडतो ते बघायचं. आधी हलकं मग जोर, हा आयांब. उलटं केलं की ट्रोकी. जोर-हलकं-हलकं म्हणजे डॅक्टिल (मांडणीने आपला भ गण), हलकं-हलकं-जोर म्हणजे ॲनापेस्ट, आपला स गण. गंमत म्हणजे ॲनापेस्ट हा शब्द म्हणताना मात्र डॅक्टिल होतो!

चार फुटांच्या ओळीला टेट्रामीटर का, क्वाड्रामीटर का नाही? मीटर ग्रीकमधून आलाय म्हणून आकडेही ग्रीक, डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा, हेक्सा. क्वाड लॅटिन. पण ग्रीक छंदात आयांबचं एक माप दोन फुटांचं धरतात, म्हणजे त्यांच्या आयांबिक ट्रायमीटरमध्ये फूट सहा, इंग्रजीत तीनच. उच्चारही बघा, आपण पेंटामीटर लिहितो खरं पण बोलताना जोर 'टा'वर येतो, थर्मामीटरमध्ये 'मा'वर येतो तसाच.

शब्दाला लागणारे साधे उपसर्गही इथे कामाला येतात. बिगिन, रिटर्न, फर्गेट अशा क्रियापदांत उपसर्ग हलका आणि जोर पुढे, म्हणजे कवीला आयते आयांब मिळतात. रेकॉर्ड, प्रेझेंट, पर्मिट हे नाम असले की जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असले की दुसऱ्या, त्यामुळे स्पेलिंग तेच असलं तरी ओळीतल्या जागेवरून नाम की क्रियापद ते बऱ्याचदा कळतं. ओळीच्या सुरुवातीला मात्र यावर विसंबू नका, तिथे आयांबच्या जागी ट्रोकी टाकायची सवय भल्याभल्या कवींना आहे.