फलकावरचे ३४ फोटो: चौकटी, कडा आणि हळदीकुंकवाचा फोटो

प्रेषक: फोटो संकलन
विषय: गणेशोत्सवाचा फोटोफलक, पहिला मसुदा

सप्रेम नमस्कार मंडळी,

लॉफ्टमधून, जुन्या बॅगांतून शोधून तुम्ही पाठवलेले ३४ फोटो मिळाले. सगळ्यांना पांढरी चौकट देऊन एकत्र मांडलेला मसुदा सोबत जोडला आहे. ए१ कागदावर छापून हॉलच्या दारासमोर लावायचा विचार आहे. काही राहिलं असेल तर शनिवारपर्यंत कळवा.

---

प्रेषक: एक सभासद
विषय: उत्तर: गणेशोत्सवाचा फोटोफलक, पहिला मसुदा

मांडणी आवडली. पण चौकटी कमीजास्त का दिसतात? वरच्या ओळीत किनार अगदी दोऱ्याएवढी आहे आणि शेवटच्या ओळीत चांगली जाड. छापल्यावर हे डोळ्यांत भरेल.

---

प्रेषक: काकू
विषय: उत्तर: गणेशोत्सवाचा फोटोफलक, पहिला मसुदा

बाळा, मेहनत दिसते आहे. पण दोन गोष्टी मनाला लागल्या, त्या लिहितेच.

१९९१ च्या हळदीकुंकवाच्या फोटोत उजव्या टोकाला माझ्या नणंदबाई उभ्या आहेत. तुझ्या फलकावर त्यांचा नुसता पदर उरलाय. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

दुसरं, १९७८ चा आमच्या बैठकीच्या खोलीतला गणपती. त्या फोटोची मूळ पांढरी किनार कापली गेली आहे. त्या किनारीवर सासूबाईंनी शाईच्या पेनाने लिहिलंय: ‘पहिला गणपती. मोदक ५१. ओला नारळ मिळाला नाही, सुकं खोबरं भिजवून घेतलं.’ ‘नाही’तला ‘ना’ शाई फुटून पसरलाय. माझ्या लेखी फोटोइतकीच ती ओळ मोलाची आहे.

---

प्रेषक: फोटो संकलन
विषय: उत्तर: उत्तर: गणेशोत्सवाचा फोटोफलक

काकू, चूक माझी आहे. दोन्ही फोटो मूळ स्कॅनवरून पुन्हा घेतले. काय झालं होतं ते सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या वर्षी जो कोणी हे काम हातात घेईल त्याला उपयोग होईल.

मी गिम्प हे फोटो संपादनाचं सॉफ्टवेअर वापरतो. फुकट मिळतं आणि या कामाला पुरेसं आहे. चौकटी कमीजास्त झाल्या कारण मी आधी प्रत्येक फोटोला २० पिक्सेलची चौकट दिली आणि मग फोटो लहान केले. ४००० पिक्सेल रुंदीचा स्कॅन ६१२ वर आणला की त्या २० ची किनार ३ वर येते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला १६०० चा फोटो तेवढाच केला तर तीच किनार ८ राहते. म्हणून आधी सगळे फोटो एका मापाला आणायचे आणि चौकट शेवटी द्यायची. गिम्पच्या फिल्टर्स मेनूत डेकोरखाली अ‍ॅड बॉर्डर आहे, पण तिचा ठरलेला रंग निळा असतो. शिवाय ती बाजूंना उजळ-गडद छटा देते. सपाट पांढरी किनार हवी असेल तर रंग पांढरा निवडून डेल्टाचा, म्हणजे छटांमधल्या फरकाचा, आकडा शून्य करावा लागतो.

आता मापं. ए१ म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटर, १५० डीपीआयला (इंचाला १५० ठिपके) ३५०८ बाय ४९६७ पिक्सेल. फलक चार पावलांवरून बघायचा आहे, तेवढ्याला १५० पुरतं. दोन्ही कडांना १०० सोडले, ओळीत पाच रकाने आणि मध्ये ३२ ची फट धरली, की एक रकाना ६३६ चा होतो. त्यात १२ ची किनार, म्हणजे छापल्यावर २ मिलिमीटर. फोटो उरतो ६१२ बाय ४५९.

हळदीकुंकवाचा फोटो इथेच अडकला. फोनचा फोटो सहसा ४:३ असतो, पण ३५ मिलिमीटरच्या रिळावरचा ३:२. तो ४:३ मध्ये बसवायला मी दोन्ही बाजू छाटल्या आणि समूहाच्या फोटोत टोकाला उभं असलेलं माणूसच गेलं. आता रुंदी पूर्ण ठेवली आहे. तशी उंची ४०८ होते आणि खाली ५१ पिक्सेल शिल्लक राहतात. कॅनव्हास साइझमध्ये ६३६ बाय ४८३ माप दिलं, फोटो डावीकडून १२ आणि वरून १२ वर ठेवला, फोटोच्या मागे पांढरा थर (लेअर) घातला. खालची किनार ६३ ची, म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर होते आणि तिथे साल लिहिता येतं. नणंदबाई पूर्ण दिसतात, हातातल्या तबकासकट.

उभे फोटो सहा आहेत. त्यांना दोन ओळींची जागा दिली. फोटो किनारीसह ८४० उंच आणि जागा ९९८ ची, म्हणजे खाली १५८ उरतात. तिथे नावं लिहीन.

१९७८ च्या फोटोला मी दुसरी चौकट देणार नाही. त्याची स्वतःची किनार आहे, ती पिवळी पडली आहे आणि तशीच ठेवायची आहे. उजळायचीही नाही, नाहीतर शाईचा निळा रंग जातो. अक्षर वाचता यावं म्हणून हा एकच फोटो दोन रकान्यांचा केला आहे. त्यासाठी दोन आरत्यांचे फोटो एकाच रकान्यात लहान करून बसवले.

मागची पार्श्वभूमी पांढरी ठेवली तर पांढऱ्या चौकटी विरून जातात, म्हणून गडद कुंकवी रंग घेतला आहे. गिम्पची मूळ फाइल थरांसकट ठेवली आहे, तेव्हा अजूनही काही हलवता येईल.

एक विनंती. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता फोटो म्हणून पाठवलात तर तो आक्रसतो. हातातली जुनी प्रत असेल तर ६०० डीपीआयला स्कॅन करा. किनार आणि मागची बाजू दोन्ही हवीत, मागे बहुतेकांनी काहीतरी लिहिलेलं असतं.

---

प्रेषक: काकू
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: गणेशोत्सवाचा फोटोफलक

पाहिलं. नणंदबाईंचं तबक दिसलं, त्यातली गुलाबदाणी आमच्या सासरची आहे.

१९७८ च्या फोटोच्या मागेही लिहिलंय, ते आत्ता उलटून पाहिलं: ‘आरतीला १४ माणसं, टाळ नव्हते, ताटं वाजवली.’ उद्या स्कॅन करून पाठवते. डावीकडून तिसरे गृहस्थ कोण ते मला आठवत नाही. कोणी ओळखत असेल तर इथेच लिहा, खाली नाव घालता येईल.