आनिटा बेर्बेरला ऑटो डिक्सनं म्हातारी का केलं?

शाईचा डाग (धागाकर्ती):
जर्मन चित्रकार ऑटो डिक्सचं १९२५ मधलं 'नर्तिका आनिटा बेर्बेर' हे चित्र श्टुटगार्टच्या कलासंग्रहालयात आहे. आनिटा बर्लिनच्या क्लबांत नाचायची. लाल भिंत, लाल झगा, लाल केस. चेहऱ्यावर पावडरीचे थर, काजळानं खोल गेलेले डोळे, ओठ म्हणजे नुसती रेघ. बाई पन्नाशीची वाटते. तिचा जन्म मात्र १८९९ चा, म्हणजे चित्र काढलं तेव्हा ती जेमतेम २५-२६ वर्षांची. नोव्हेंबर १९२८ मध्ये ती क्षयानं गेली, म्हणून डिक्सला तिचं भविष्य आधीच दिसलं होतं असं कौतुकानं सांगतात. मला हे कौतुक पटत नाही. कोकेन विकणारे, क्लब चालवणारे, समोर बसून शॅम्पेन ढोसणारे सट्टेबाज, या सगळ्या बर्लिनचं पाप एका मुलीच्या तोंडाला फासलंय. चित्र जबरदस्त आहे, त्याबद्दल वाद नाही. तिच्यावर मात्र अन्याय आहे.

उंटावरचा शहाणा:
असहमत. डिक्सनं सोडलंय कुणाला? पत्रकार सिल्विया फॉन हार्डेनचं चित्र (१९२६) बघा: एका डोळ्याला भिंग, हातात सिगारेट, घसरलेला मोजा. त्याच वर्षी डॉक्टर मायर-हेरमान यांना तर त्यानं गोलच करून टाकलंय, माणूस गोल आणि मागचं यंत्रही गोल. पहिल्या महायुद्धात मशीनगन चालवून आलेला माणूस तो, गोंडस चित्रं कुठून काढणार?

शाईचा डाग:
डॉक्टरला गोल केलं म्हणून डॉक्टरचं चारित्र्य कुणी काढलं नाही हो.

चाळकरी:
तुम्ही दोघंही तिला नुसती बसवून चित्र काढून घेणारी बाई समजताय. तो चेहरा तिनंच घडवलेला होता. १९२२ मध्ये नाचातला साथीदार सेबास्टियन ड्रोस्टे याच्याबरोबर व्हिएन्नात तिनं 'दुर्गुण, भय आणि उन्माद' यांची नृत्यं केली, एका नाचाचं नावच 'कोकेन'. पुरुषी सूट घालून, डोळ्याला भिंग लावून ती बर्लिनभर हिंडायची. आणि एक गोष्ट कुणीच बोललं नाही: जी बाई नग्न नाचायची म्हणून गाजली, तिला डिक्सनं गळ्यापासून मनगटापर्यंत झाकलंय. तंग झग्यातून अंग दिसतं, पण नजर जाते चेहऱ्यावर आणि नखांसारख्या वाकड्या बोटांवर. डिक्स स्वतः नाचाचा शौकीन होता, या धंद्यात काय चालतं ते त्याला बाहेरून कळलेलं नव्हतं. तिला 'बिचारी' ठरवणं हाच खरा अन्याय.

शाईचा डाग:
बिचारी मी म्हटलेलं नाही. त्याच १९२२ मध्ये व्हिएन्नात मादाम दोरानं तिचे फोटो काढले. तेच नाच, तसाच रंगवलेला चेहरा, आणि तरी त्यांत ती तरुण दिसते. मुखवटा तिचा असेल, मान्य. सुरकुत्या कुणी घातल्या?

चाळकरी:
दोरा फॅशनच्या दुनियेतली छायाचित्रकार. तिचा उजेडही धुतल्या तांदळासारखा नव्हता.

जुना मास्तर:
आधी एक किरकोळ दुरुस्ती, मग मुद्दा. हे चित्र अभिव्यक्तिवादी (म्हणजे भावना भडक रंगांत, मोडक्या आकारांत ओतणारं) म्हणून सगळीकडे फिरतं, पण १९२५ मध्येच मानहाइमला 'नव-वस्तुनिष्ठता' (म्हणजे थंड, नेमक्या नजरेनं जसं आहे तसं दाखवणं) या नावानं प्रदर्शन भरलं आणि डिक्स त्यातला ठळक माणूस. लाकडी फळीवर जुन्या जर्मन चित्रकारांसारखे पातळ थर चढवणं हे अभिव्यक्तिवाद्यांचं काम नव्हे. तो लाल रंग मात्र त्याच घराण्यातला, हे मान्य.

आता मुद्दा. शहराचं पाप बाईवर फासायचं काम कुणी केलं असेल तर ते अभिव्यक्तिवादी चित्रकार किर्शनरनं. बर्लिनच्या चौकाचं त्याचं १९१४ चं 'पॉट्सडामर प्लाट्झ' घ्या. रहदारीच्या मधल्या गोल बेटावर दोन वेश्या, एकीच्या तोंडावर विधवेचा बुरखा, मागे काळ्या कोटांतले पुरुष काड्यांसारखे. चौक तिरका, बायका जणू दुकानाच्या काचेतल्या बाहुल्या. त्या दोघींना नाव नाही, त्या 'शहर' आहेत. डिक्सनं निदान एका माणसाचं चित्र काढलं आणि तिचं नाव त्यावर ठेवलं. मधल्या काळात काय घडलं तेही बघा: जर्मनीनं युद्ध गमावलं, बायकांना मताचा हक्क मिळाला, आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. पैशाला किंमतच उरली नाही तिथे हौसेमौजेला लगाम कोण घालणार? १९२५ च्या बर्लिनमधला चेहरा १९१४ सारखा दिसेल कसा?

उंटावरचा शहाणा:
मास्तरांना +१. हेच मला म्हणायचं होतं, इतकं नीट जमलं नाही.

शाईचा डाग:
मास्तर, किर्शनरबद्दल सहमत. पण नाव दिल्यानंच तर घोळ झाला. किर्शनरच्या त्या दोघींना कुणी ओळखत नाही, त्यामुळे त्यांची बदनामीही नाही. आनिटाचं नाव काढलं की हीच लाल म्हातारी डोळ्यांसमोर येते. १९९१ मध्ये जर्मन टपाल खात्यानं तिकीट काढलं तेही याच चित्राचं. दोराचे फोटो मुद्दाम शोधून बघणारे किती?

चाळकरी:
तिकीट डिक्सच्या जन्मशताब्दीचं होतं. तिचं नव्हतं.