मदत हवी आहे: आईची फॅमिली पेन्शन नावामुळे अडकली आहे

नमस्कार मंडळी. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. जूनमध्ये ते गेले. ४ फेब्रुवारीला, रेजिमेंटच्या मराठा दिनाच्या मेळाव्यात, 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' म्हणताना आवाज अगदी खणखणीत होता. पलटणीतल्या त्याच दोस्तांनी तेराव्यापर्यंत आमचं भांडुपचं घर सांभाळलं.

अडचण अशी, पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) आईच्या नावाला 'बाई' जोडलंय, आधारवर नाही. स्पर्शवर (संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवर) फॅमिली पेन्शन तिथेच अडकलीय. दुरुस्तीसाठी रेजिमेंटच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला थेट लिहू की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत? प्रतिज्ञापत्रासोबत आणखी काय लागतं? आई रोज बाबांची काळी ट्रंक उघडून कागद चाळत बसते. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.