आरसा दाखवूनही पटत नाही: ॲनोरेक्सियात शरीराचं माप नेमकं कुठे चुकतं?

समुपदेशक_वाशी
ज्युनिअर कॉलेजमधल्या समुपदेशनाच्या संदर्भात विचारतेय. एका विद्यार्थिनीला ॲनोरेक्सियाचं (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याचा मानसिक आजार) निदान झालंय, मानसोपचार सुरू आहेत. वजनाचा आकडा, जुने फोटो, आरसा, सगळं समोर ठेवलं तरी मुलगी "मी जाडच आहे" यावरून हलत नाही. हा नुसता हट्टी समज असतो, की शरीर खरंच तसं जाणवतं? आणि दोरीचा व्यायाम म्हणतात तो कसा करतात? कॉलेजात केला तर चालेल का?

क्लिनिकल_ठाणे
ताई, दोन्ही असतं, पण जाणवण्याचा भाग लोक विसरतात. स्लेड आणि रसेल यांनी 1973 मध्येच मोजून दाखवलं होतं की या रुग्ण स्वतःच्या शरीराची रुंदी जास्त सांगतात, वस्तूंचं माप मात्र बरोबर सांगतात. म्हणजे नजर शाबूत असते.

त्याहून बोलका प्रयोग 2013 चा, नेदरलँड्समधल्या उत्रेख्तचा. वेगवेगळ्या रुंदीच्या फटींतून चालायला सांगितलं आणि लक्ष दुसऱ्याच कामात गुंतवलं. निरोगी बायका फट खांद्यांपेक्षा 25 टक्के रुंद असेपर्यंत खांदे तिरपे करत होत्या, ॲनोरेक्सियाच्या रुग्ण 40 टक्क्यांपर्यंत. खांदे 36 सेंमी धरले तर 45 च्या जागी 50 सेंमीची फटही अरुंद वाटते. इथे कुणी मत विचारलंच नव्हतं, पायच तसे पडत होते. स्पर्शाचंही तेच: दंडावर किंवा पोटावर दोन टोकं टेकवली की त्यांच्यातलं अंतर जास्त वाटतं. म्हणून आरशापुढे घातलेला वाद फुकट जातो.

(हे ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी बघायला जाऊ नका, तिथे सगळेच आडवे होऊन चालतात.)

दोरीचा व्यायाम असा. न ताणली जाणारी सुती नाडी घ्या, इलॅस्टिक नको. आधी बादलीच्या तोंडाचा घेर अंदाजाने जमिनीवर मांडायला सांगा आणि ताडून बघा. घेराचा अंदाज बहुतेकांचा थोडाफार चुकतो, तो किती ते इथे कळतं. मग तिच्या कंबरेचा घेर. त्यानंतर दुसऱ्या रंगाची नाडी तिनेच स्वतःच्या कंबरेला लावायची आणि पहिल्या वर्तुळाच्या आत ठेवायची. दोन वर्तुळांमधली रिकामी जागा तिला बघू द्या आणि तुम्ही गप्प राहा. "बघ, किती बारीक आहेस" म्हणालात की संपलं. एक तर ती नाडीवर शंका घेईल, नाहीतर खूश होईल, आणि ते जास्त वाईट. टेप लावून सेंटिमीटर काढू नका, तो आकडा नवा वजनकाटा होतो. जेवल्यावर अंदाज आणखी फुगतो, त्यामुळे वेळ ठरलेली हवी. दर आठवड्याला करू नका.

कॉलेजात नकोच. उपचार करणाऱ्या थेरपिस्टनेच करावा.

मानसोपचार_नेरूळ
सरांशी बराचसा सहमत, पण सगळं खापर संवेदनेवर फोडू नये. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या संशोधकांनी आभासी वास्तवात रुग्णांना त्यांचीच थ्रीडी शरीरं वेगवेगळ्या वजनांत दाखवली. स्वतःचं शरीर त्यांनी बऱ्यापैकी अचूक ओळखलं. फरक पडला तो 'हवं कसं' यात, तिथे त्यांनी फारच बारीक शरीर निवडलं. म्हणजे आपण काय विचारतो, कोणत्या इंद्रियातून विचारतो, त्यावर उत्तर बदलतं.

व्यवहारात मला पडताळणीच्या सवयी जास्त महत्त्वाच्या वाटतात. अंगठा आणि बोटाची कडी मनगटाभोवती, बांगडी कोपरापर्यंत सरकते का ते बघणं, बसल्यावर पोटाची वळी चिमटीत धरणं, सीवुड्सच्या मॉलमध्ये एकच जीन्स तीन ट्रायल रूममध्ये घालून बघणं. जितकं जवळून आणि वारंवार बघाल तितका तो एकच भाग मोठा वाटतो. दिवसभरात किती वेळा होतं त्याची नोंद ठेवायला सांगा, मग एकेक सवय कमी करा. वजन आठवड्यातून एकदाच, थेरपिस्टसमोर, आणि निष्कर्ष चार आठवड्यांच्या आलेखावरून. पाण्यामुळे वजन दिवसभरात किलोभर सहज हलतं. घरचा काटा माळ्यावर टाका.

आहार_नौपाडा
क्रम चुकू नये: आधी खाणं, मग शरीरप्रतिमेचं काम. उपाशी मेंदू खाण्याखेरीज दुसरा विचारच करत नाही. 1944-45 च्या मिनेसोटा प्रयोगातले 36 पुरुष धडधाकट होते, तरी अर्धपोटी ठेवल्यावर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. पण वजन फार खाली असेल तर घरच्या घरी ताट एकदम भरू नका. रक्तातलं फॉस्फेट घसरून जिवावर बेततं. वाढ तपासण्यांच्या देखरेखीखालीच.

आपल्याकडचा एक आडोसा म्हणजे उपास. श्रावण, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार. उपास आहे का, हे विचारून उपयोग नाही. तो सोडते कधी आणि कशाने, ते विचारा.

समुपदेशक_वाशी
खूप आभार. आई-वडिलांनी काय बोलायचं? आणि तातडीचं कधी समजायचं?

मानसोपचार_नेरूळ
"आता कशी छान भरलीस" हे वाक्य बंद, कौतुक म्हणूनसुद्धा. मावश्या-आत्यांना आधीच फोन करून सांगून ठेवा. दिसण्यावर चांगलं-वाईट काहीच नको. वजन सावरल्यावरही शरीराची भीती बरेच महिने राहते, सगळ्यात शेवटी निवळते. "आता खातेय ना" म्हणून उपचार मध्येच सोडले की इथेच घसरण होते.

तातडीचं: चक्कर येऊन पडणं, बसल्या जागी नाडीचे ठोके मिनिटाला 50 च्या खाली, छातीत धडधड, वारंवार उलट्या. उलट्यांत पोटॅशियम घसरतं, त्यामुळे ईसीजी आणि रक्ततपासणी त्याच दिवशी. आधी फिजिशियन, मग आम्ही. मरून जावंसं वाटतं असं बोलली तर एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

क्लिनिकल_ठाणे
आणि ताई, आरशासमोरचा सराव कुणी सुचवला तर तोही थेरपिस्टकडेच. पूर्ण उंचीचा आरसा लागतो, डोक्यापासून पायापर्यंत वर्णन करायचं, समोरच्याला चित्र काढता येईल असं, 'जाड', 'घाणेरडं' असे शब्द न वापरता. ताण उतरायच्या आत थांबवलं तर भीती आणखी पक्की होते.