मुदत संपलेले मेसेज डेड-लेटर क्यूत का पोचत नाहीत

तुम्ही लिहिलंय की रॅबिटएमक्यूच्या (मेसेज रांगेत ठेवून पुढे पोचवणारं सॉफ्टवेअर) क्यूवर, म्हणजे रांगेवर, टीटीएल (मेसेजची मुदत) ६०००० मिलिसेकंद आहे, मिनिटभराने मेसेज क्यूतून नाहीसे होतात, पण डेड-लेटर क्यू (असे बाद मेसेज साठवायची रांग) रिकामीच. आमचे याच दुखण्यात दोन दिवस गेले होते.

वेगळी राउटिंग की (मेसेजवरचा पत्ता) दिली नसेल तर मेसेज आपली जुनी कीच घेऊन डेड-लेटर एक्स्चेंजकडे (बाद मेसेज क्यूंमध्ये वाटणाऱ्या भागाकडे) जातो. आमची जुनी की ‘ऑर्डर.नवी’, डेड-लेटर क्यू मात्र ‘ऑर्डर.मृत’ला बांधलेली, आणि एक्स्चेंज डायरेक्ट, म्हणजे की तंतोतंत जुळली तरच मेसेज देणारं. जुळणारी क्यू नाही, म्हणून मेसेज गुपचूप टाकून दिले जात होते. एक्स्चेंजचं नाव चुकलं तरी तेच होतं, कारण क्यू तयार होताना ते एक्स्चेंज आहे का हे तपासलंच जात नाही.

आधी मॅनेजमेंट पानावर बाइंडिंग (कोणती क्यू कोणत्या कीने एक्स्चेंजला बांधली आहे ते) बघा. मग तात्पुरतं फॅनआउट (की न बघता बांधलेल्या सगळ्या क्यूंना मेसेज देणारं) एक्स्चेंज लावून एक चाचणी मेसेज सोडा. पोचला तर त्याच्या एक्स-डेथ हेडरमध्ये (मेसेजला जोडलेल्या नोंदीत) ‘एक्सपायर्ड’ हे कारण दिसेल.

मेसेजगणिक वेगळा टीटीएल मात्र कृपया टाळा. मुदत संपलेला मेसेज रांगेच्या तोंडाशी आल्याशिवाय डेड-लेटर होत नाही. पुढे तासाभराचा बसला असेल, तर मागचे पाच सेकंदांचे अडकून राहतात.