संशोधनावरच्या दीर्घलेखात कल्पनेला किती जागा?

गोदाकाठची
मावसबहिणीचा शोधनिबंध नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या शिलालेखांवर आहे. पाठभेद आणि तळटीपा इतक्या, की तिसऱ्या पानावर मला झोप लागली. विषय मात्र भन्नाट, म्हणून दिवाळी अंकासाठी मी त्यावर दीर्घलेख लिहिला. सुरुवात अशी: पहाटे नाशिकजवळच्या गोवर्धनातला एक विणकर मागावर बसलाय आणि दारात पश्चिम क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात उभा. बहिणीचा पहिला प्रश्न, "हा विणकर कुठल्या ओळीत आहे?" एवढं तरी चालायला हवं ना?

तळटीपवाला
नाही. दहाव्या लेण्यातला लेख नीट वाचा, गोष्ट तिथेच आहे. उषवदाताची 3000 कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) ठेव. त्यातले 2000 विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिकांच्या संघाकडे) दरमहा शेकडा 1 व्याजाने, 1000 दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊणने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आता हिशोब करा: 2000 वर वर्षाचं व्याज 240. वर्षावासातल्या (पावसाळ्यात लेण्यात मुक्कामी असलेल्या) 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12. पैचाही फरक नाही! दोन्ही श्रेणी विणकरांच्याच, मग दर वेगळे का? इथून सुरुवात करा की. पहाट कशाला हवी?

पंचवटीकर
साहेब, आकडे दिसले की लोक पान उलटतात. नुसत्या पूर्वरंगावर कीर्तन होत नाही, उत्तररंगात आख्यान लागतंच.

तळटीपवाला
कीर्तनातल्या श्रोत्याला आख्यान कुठे सुरू झालं ते कळतं. इथे वाचक पुढच्या वर्षी तो विणकर इतिहास म्हणून सांगेल.

गंगेवरचा
नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला 1906 मध्ये नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. हरलेल्या राजाचा चेहरा अर्धवट खाली दिसतो. यात कुणी काय रंगवायचं? आणि ताई, संशोधक वर्षानुवर्षं खपून एक 'बहुधा' लिहितो. लेखात पहिली कात्री त्यालाच लागते, माझा खरा राग त्यावर आहे.

पंचवटीकर
'बहुधा'च्या माळा लावलेला लेख तुम्ही तरी शेवटपर्यंत वाचता का?

गोदाकाठची
पहाट काढली. आता सुरुवात दोन व्याजदरांनी. विणकर ठेवलाय, पण 'असं समजा' म्हणून. 'बहुधा' मोजले: निबंधात 31, माझ्याकडे 4.

पंचवटीकर
त्यातले दोन संपादक उडवतील.